दारातली खडूची रेघ

लग्न उरकून रात्र उलटली, तरी सोमेश्वरचं कशात लक्ष लागत नव्हतं. वाटूर फाट्यावरच्या स्टुडिओत तो कॉम्प्युटरसमोर बसायचा, उठायचा, शटर अर्धं ओढायचा, पुन्हा वर करायचा. पडद्यावर एक गोल फोटो होता आणि त्याच्या काठाला, अगदी डाव्या टोकाला, जिथं कुणीच असायला नको होतं तिथं द्वारकामावशी उभी होती.

ही पुंजारामकाकांची बायको, सोमेश्वरची शेजारीण. काल तिच्या एकुलत्या एका मुलीचं, वंदनाचं लग्न लागलं. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलीच्या आईनं ते लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की आईनं आत देवाजवळ जाऊन बसायचं. का, ते कुणी विचारत नाही. विचारलंच तर बायका द्वारकामावशीच्या जावेचा दाखला देतात. तिनं खिडकीतून बघितलं आणि पोरगी दोन वर्षांत माघारी आली. जावई दारू पिऊन मारायचा हे कुणाच्या ध्यानात नाही, पण ती खिडकी अख्ख्या गावाला पाठ आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी सोमेश्वरला बाजूला घेऊन म्हणाली होती, "माझ्या लग्नात माझ्यापुढं अंतरपाट व्हता अन् मान खाली. मला दिसले ते भटजीचे पाय. आता पोरीच्या लग्नात आत बसायचं. मंग घरचं लग्न मी बघायचं कधी? तू मला एक फोटू असा दे, की मी तिथंच उभी व्हते असं वाटलं पाहिजे."

असं काही मागितलं की सोमेश्वरमधला कारागीर जागा होतो, आणि तो जागा झाला की शहाणपण झोपतं. त्यानं ठेवणीतली फिशआय लेन्स काढली. साधी लेन्स समोरचं तेवढं बघते. ही डोळे फाडून चहूकडचं गोळा करते, वरची झालर, खालचे पाट आणि मधली सगळी माणसं. कडेची माणसं वाकतात, पण सुटत नाहीत. कॅमेरा उभा धरून नवरा-नवरीच्या अगदी पुढ्यातून काढायचं त्यानं ठरवलं.

मावशीचं तेवढ्यावर भागलं नाही. आत बसणं आपल्याच्यानं होणार नाही, मांडवात उघडणाऱ्या दारात नुसती उभी राहीन, म्हणाली. पण दारातलं माणूस फोटोत येतं का? मग सोमेश्वरनं ती लेन्स आपल्या जुन्या कॅमेऱ्याला लावून बघितली. त्याचा सेन्सर, म्हणजे चित्र उमटतं तो आतला भाग, लहान. लेन्स गोळा करते अख्खं ताट, पण कॅमेरा घेतो मधलाच घास आणि उभा धरला की डावी-उजवी बाजू कापतो. दार त्या कापलेल्या बाजूत जात होतं. सोमेश्वरनं खडूनं उंबऱ्याजवळ रेघ मारली आणि छातीठोकपणे सांगितलं, या रेघेच्या आत उभी राहा, तुझा पदरसुद्धा येणार नाही. रीत मोडायला आपण वाट करून दिली हे त्याला कळत होतं. पण मावशीचं तोंड बघून नाही म्हणवलं नाही.

काल सहाव्या मंगलाष्टकाला जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. बटण दाबलं तर पडदा काळा. बॅटरी काढली, घातली, पुन्हा काळा. आता अंतरपाट निघणार, आणि हा क्षण काही माघारी बोलावता येत नाही. अंबडच्या अण्णासाहेबांनी, म्हणजे त्याच्या उस्तादांनी, आपला फुल फ्रेम कॅमेरा जोडीला दिला होता. त्यानं लेन्स उपसली, त्याच्यावर चढवली आणि "सावधान"च्या गजरात बटण दाबत सुटला. एकच फोटो बराबर त्या क्षणाचा आला. देताना अण्णासाहेबांनी बजावलं होतं, की याचा सेन्सर मोठा आहे, ही लेन्स लावली तर सगळा गोल येईल आणि काठाचं माणूसही पकडेल. घाईत सोमेश्वरला ते आठवलं नाही, खडूची रेघही आठवली नाही.

आणि आज संध्याकाळी केदारखेड्याला वंदनाच्या सासरी सत्यनारायण. तिच्या सासूबाईंनी, मीनाबाईंनी, पेन ड्राइव्ह मागवला होता. सगळे फोटो पाहिजेत, पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावायचे आहेत, असा निरोप होता. उद्या संसारात भांडं वाजलं की बोट दाखवायला हा फोटो आयताच सापडणार. पोरगी सासरी रुळायच्या आधी तिच्या नावावर खिडकी लागायची, आणि ती लावणारा सोमेश्वर.

त्यानं फोटोच्या डाव्या-उजव्या बाजू कापून बघितल्या. दार गेलं, मावशी गेली. उरलेला फोटो मात्र त्याला बघवेना. अंतरपाट नुकताच निघालाय, नवरदेव रामप्रसाद हार घेऊन हसतोय, सगळा मांडव अक्षता टाकतोय आणि नवरी भलतीकडेच बघतेय. ऐन वेळी कुणी हाक मारली असेल, असं म्हणत त्यानं कपाळाला हात लावला. एक फोटो आला तो असा. दुपार झाली तसा त्याचा धीर सुटला. लॅपटॉप बगलेत मारून तो मावशीच्या घरी गेला.

मांडव सुटत होता. पुंजारामकाका मंडपवाल्याबरोबर बांबू मोजत होते. मावशी आत एकटीच उरलेल्या पत्रावळ्या रचत बसली होती. रचलेला गठ्ठा ती पुन्हा मोडायची आणि रचायची. सोमेश्वरनं लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि खालमानेनं सगळं सांगून टाकलं. कॅमेरा बदलला, रेघेचा हिशेब चुकला, तू फोटोत आलीस. कापून देतो, कुणाला कळणार नाही.

मावशीनं आधी फोटोतला मांडव बघितला, मग रामप्रसादला, मग दारातल्या स्वतःला. लेन्सनं तिला काठाशी पार वाकवलं होतं, एका मुठीत अक्षता होत्या.

"मोठं कर," ती म्हणाली.

त्यानं मोठं केलं. सकाळपासून त्यानं तो कोपरा पन्नासदा बघितला असेल, पण भीतीपोटी कधी नीट मोठा केला नव्हता. मावशीचे डोळे घट्ट मिटलेले होते. मुंगळा चावल्यावर पोरं मिटतात तसे, सुरकुत्या पडेपर्यंत.

"मी बघितलंच न्हाई, सोमा. नुसतं ऐकलं. तुला म्हणलं व्हतं ना, नुसती उभी राहीन."

सोमेश्वरला भरून आलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्यानं तिला रीत मोडणारी ठरवलं होतं, आणि बाईनं दारात उभं राहून ती पाळली होती. आता वंदनाला दाखव, ती म्हणाली. त्यानं फोटो सरकवून मधे आणला. नवरीचा चेहरा पडद्याभर झाला. ती डावीकडे बघत होती. सोमेश्वरनं बोट ठेवून तिची नजर काठापर्यंत नेली आणि त्याचं बोट तिथंच थांबलं.

मांडवातली सगळी माणसं वंदनाकडे बघत होती. वंदना दाराकडे बघत होती. हार हातात तसाच धरून ती आईला शोधत होती, आणि आई सापडली होती, डोळे मिटलेली.

मावशीनं पडद्यावर हात ठेवला. मुलीच्या गालावर ठेवावा तसा. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "मला वाटलं, ती आता त्यांची झाली."

बाहेर काकांनी हाक मारली, केदारखेड्याची जीप आली होती. सोमेश्वरनं पेन ड्राइव्ह लावला आणि विचारलं, यातला कोणता टाकू.

"गोल टाक," मावशी म्हणाली. "कापला तर माझी पोरगी कुणाकडं बघती, ते त्यांना कळायचं न्हाई."