समुद्राकडची बाजू

"मोठ्याने बोला की रे. मयताला आल्यासारखे काय उभे राहिलात?" रिसीव्हरवर तळवा दाबून संजय आमच्यावर खेकसला. आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

आम्ही पाच-सहाजण बूथच्या काचेला टेकून उभे होतो. विघ्नेशने घसा खाकरला आणि सुरू केलं, "काय टाकली आज गणूने! तो दाढीवाला खान बघतच राहिला. बॉल बाहेर जातोय म्हणून बॅट वर घेतली आणि दांडी गुल."

"आणि आपले बॅट्समन?" मी माझं वाक्य म्हटलं.

"त्यांचं नाव काढू नका, राजनभाऊ. गणूने पाडायचे आणि यांनी माती खायची."

संजयने तळवा काढला. पलीकडे देवगडजवळच्या एका गावात, दुकानातल्या फोनवर गणूची आई मुक्ताबाई हे सगळं ऐकत असणार. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलाची तारीफ कोणत्याही भाषेत कळते.

"ऐकलंस ना, काकी?" संजय म्हणाला. "नाय, तो लाँचीर गेलो. लाँच सुटतली म्हणान धावत गेलो. पुढच्या शुक्रवारी नक्की."

त्या दिवशी गणू खेळलाच नव्हता. दोन महिने तो कुठेच नव्हता.

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीजवळ आमचा कॅम्प होता. मी स्टोअरकीपर. मला धावता येत नाही आणि चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून साहजिकच सगळ्यांनी मला अंपायर केलं. संजय स्कॅफोल्डिंगवर होता, आमचा कप्तान आणि विकेटकीपर. गणू त्याच्याच गावचा. काडीसारखं अंग, डावखुरा, आणि बॉल टाकायला लागला की समोरच्याला घाम फोडणारा. एरवी त्याचा आवाज ऐकायचा तर त्याला पगाराच्या दिवशी गाठावं लागे.

मैदान म्हणजे खारवट जमीन, वर मिठाची पापडी, उन्हात काचेसारखी कडक. तिची एक बाजू कॅम्पाकडे, दुसरी समुद्राकडे. गणू नेहमी समुद्राकडच्या बाजूने टाकायचा. ओव्हर सुरू करण्याआधी टोपी माझ्या हातात द्यायचा, तोंडातून अवाक्षर नाही. ती टोपीही एक नमुनाच होती. निळा रंग विटून पांढरा झालेला, आणि उसवलेली कड त्याने जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेली. मी म्हणायचो, "अरे हबीबी, दहा दिरहमला नवी मिळते, शंभर रुपये पण नाहीत." तो हसायचा आणि बॉल मांडीवर घासायचा.

आमचा संघ हरायचा. हे काही गुपित नव्हतं. गणूने समोरच्यांना पन्नास-साठमध्ये गुंडाळावं आणि आमच्या शूरवीरांनी चाळीसमध्ये घरचा रस्ता धरावा, हा दर शुक्रवारचा शिरस्ता. मॅचनंतर मेसबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसून गणूच्या एकेका बॉलची चर्चा करायची, हीच आमची ट्रॉफी.

नोव्हेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी पहाटे, मॅचच्या आधी, गणू कुर्ल्या म्हणजे खेकडे धरायला ओहोटीत गेला. कोळ्याचा पोर, त्याला कोण अडवणार? गावाकडे तिथीवरून पाणी ओळखतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि त्यावरून ओहोटी. खोलीतल्या भिंतीवर गावाहून आणलेलं कॅलेंडर होतं. गणूने तिथी बघितली, बोटांवर हिशेब केला, ती निळी टोपी डोक्यावर चढवली आणि बादली घेऊन निघाला. पण आखाताचं पाणी आपल्या तिथीला बांधलेलं नाही. तिथे उथळ चिखलाची जमीन मैल-मैल आत जाते, आणि पाणी येतं ते लाटेने नाही, मागून, पावलांना न कळता. त्यात धुकं पडलं. बादली सापडली. गणू सापडला नाही.

पोलीस आले, बोट फिरली, चार दिवसांनी सगळं थंडावलं. मृतदेह नाही म्हणजे मेला म्हणता येत नाही. ऑफिसने त्याच्या नावापुढे 'फरार' लिहिलं. गणू आणि फरार! स्टोअरमधून नेलेला पाना तासाभरात परत आणून देणारा माणूस तो. मला त्या शब्दाचा अजून राग येतो.

त्याच्या थोरल्या भावाचा मुंबईहून निरोप आला की आईचं हृदय नाजूक आहे, पक्कं कळेपर्यंत तिला काही सांगू नका. म्हणून मग गणूची बदली बेटावर झाली. तो फक्त शुक्रवारी सकाळी खेळायला येतो आणि दुपारच्या लाँचने परत जातो. ही गोष्ट संजयने रचली आणि आम्ही सगळ्यांनी ती उचलून धरली. काचेला टेकून दर आठवड्याला आम्ही गणूचा एक नवा स्पेल खेळायचो.

एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली होती. सुरुवातीला आम्ही काय बोलायचं ते आधी ठरवायचो. नंतर ठरवणं बंद झालं, तरी सगळ्यांचं जुळायचं. विघ्नेश म्हणायचा, तिसरा बॉल आत आला, आणि त्याच क्षणी माझ्याही तोंडात तेच असायचं. मी मनाला समजावलं की सवय आहे, दुसरं काय.

जानेवारीत संजयची सुट्टी मंजूर झाली. सोमवारी त्याचं विमान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी तो माझ्या खोलीत आला. कपडे खेळायचे होते, पण चेहरा रात्रभर जागलेला.

"राजनभाऊ, आज सांगून टाकतो काकीला. फोनवर खोटं चालून जातं. तिच्या दारात बसून, तिच्या हातची पेज खाऊन कसं बोलू?"

"भावाला विचारलंस?"

"विचारलं. तुझी मर्जी म्हणाला. खलास." तो दाराकडे वळला. "आज पाठीमागून कोणी काही बोलू नका."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की मेसची भिंतसुद्धा हात लावून शोधावी लागत होती. पण आठवड्यातून सुट्टी एकच, आणि पठाणांचा संघ ट्रकमधून येऊन उभा. शिवाय त्यांच्यातले निम्मे नवे होते, कालपरवा दुसऱ्या साइटवरून आलेले. खेळ सुरू झाला. मी समुद्राकडच्या बाजूला स्टंपमागे उभा राहिलो. चष्म्यावर दव साचत होतं. पुसावं तर रुमाल ओला. समोरचा बॅट्समन म्हणजे एक करडा डाग, आणि फील्डर नुसते आवाज. त्यातही एक जागा रिकामीच. गणू गेल्यापासून आम्ही दहाच खेळत होतो. कोणी तसं ठरवलं नव्हतं, अकराव्याला बोलावलं नाही इतकंच.

पलीकडून संजय ओरडला, "विघ्नेश, समुद्राकडून तू टाक."

माझ्या हातात टोपी आली. मी ती पँटच्या पट्ट्यात खोचली. मागे पावलं वाजली. मिठाची पापडी फुटल्याचा तो कुरकुर आवाज जवळ आला, माझ्या अंगाला गार वारा लागला आणि कोणीतरी बाजूने निघून गेलं. क्षणभराने समोर स्टंप उडाल्याचा आवाज आला.

ती ओव्हर अशीच गेली आणि नंतरच्याही. बॉल कसा वळतोय ते मला दिसत नव्हतं, पण संजयच्या ग्लोव्हजमध्ये तो बसायचा तो आवाज दर वेळी छातीत ऐकू यायचा. पठाण येत होते आणि जात होते. विघ्नेशला आज झालंय तरी काय, असं मनात म्हणत मी बोट वर करत होतो. फील्डर नेहमी ओरडतात, टाळ्या देतात. त्या दिवशी हळूहळू सगळे गप्प झाले. नुसती पावलं, मग धप्प आवाज, मग पुन्हा पावलं.

पठाण पस्तिशीत आटपले. आणि आमचे बहाद्दर? त्यांनी तिशीही गाठली नाही. परंपरा मोडली नाही.

धुकं अजून तसंच होतं. आम्ही कट्ट्यावर टेकलो. पठाणांपैकी एक उंच, नवा माणूस ट्रककडे जाता जाता थांबला.

"वो खब्बू लड़का किधर गया?" त्याने विचारलं. "क्या बॉल डाला, माशाअल्ला. हाथ मिलाना था."

गणूशिवाय आमच्यात दुसरा डावखुरा बॉलर नव्हता.

"होगा इधर ही," मी म्हणालो. तो मान हलवून गेला.

मी विघ्नेशकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

"राजनभाऊ, मी टाकलीच नाही," तो हळू म्हणाला. "मी लांब बाउंड्रीवर होतो. संजयची हाक ऐकून येईपर्यंत ओव्हर सुरू झालेली. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाला दिली. मग तिथेच उभा राहिलो."

"मग कोणी टाकली?"

ज्याला त्याला वाटलं होतं की दुसरा कोणीतरी टाकतोय. धुक्यात तसं वाटणं सोपं होतं. पण मला आठवली ती दुसरीच गोष्ट. बॉलर कोणत्या हाताने टाकणार हे बॅट्समनला सांगणं अंपायरचं काम. पहिल्या ओव्हरला मी ते सांगितलं होतं, डोकं न वापरता, दोन वर्षांच्या सवयीने. पावलं कोणत्या बाजूने आली ते ऐकून माझ्या तोंडून निघालं होतं, "लेफ्ट आर्म ओव्हर."

संजय ग्लोव्हज काढत होता. ते सहज निघत नव्हते, कारण दोन्ही तळवे सुजून लाल झाले होते. विघ्नेशच्या बॉलने तळवे सुजत नाहीत. विघ्नेशच्या बॉलने माशीसुद्धा उडत नाही.

"मला पहिल्याच बॉलला कळलं होतं," संजय म्हणाला. "कीपरला कळतं."

तो उठून बूथकडे चालायला लागला. आम्ही पाठोपाठ गेलो. त्याने गप्प राहायला सांगितलं होतं, पण आज कोणालाच गप्प राहणं जमेना. काचेशी उभे राहून सगळे दबक्या आवाजात बोलत होते. तिसरा बॉल आत आला ना? आला. आणि तो उंच पठाण, त्याचा ऑफस्टंप? हो, हो. या वेळी आईला ऐकवायला कोणी बोलत नव्हतं. काय झालं ते एकमेकांना विचारून घेत होतो, इतकंच.

बूथचं दार उघडं होतं. रिसीव्हरचा आवाज मोठा, मुक्ताबाईचा शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"संजया? गणू खंय हा?"

"काकी..." संजयने सुजलेल्या हाताने रिसीव्हर घट्ट धरला. "काकी, माका तुका एक सांगूचा आसा."

"आधी माका सांग," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "थंयची भरती आमच्यासारखीच येता काय रे? पाण्याक तिथी लागता?"

मागची कुजबुज थांबली.

"नाय, काकी. हंयचा पाणी येगळा आसा. तिथी धरून चलणा नाय."

"तेका ह्या कोणी सांगूक नसतला."

"नाय. कोणाकच म्हायत नव्हता."

गणूने शेवटच्या फोनवर तिला कुर्ल्यांचं सांगितलं असणार. कोळ्याची बायको ती. दोन महिने तिने हा एकच प्रश्न पोटात धरला असणार, आणि दर शुक्रवारी आमचं नाटक ऐकून घेतलं असणार. आम्ही तिला सांभाळत होतो, असं आम्हाला वाटत होतं.

"आज कशी टाकल्यान?" तिने विचारलं.

संजयने आमच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"झकास टाकल्यान, काकी. असा कधीच टाकूक नव्हता. देवाशपथ."

"संघ जिकलो?"

"नाय. हरलो."

"हरांदे. दमलो आसतलो रे आता. बस म्हण तेका. पुरे झाला."

फोन ठेवल्याचा आवाज आला. संजय बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून उभा राहिला. मग बाहेर येऊन त्याने माझ्यापुढे हात पसरला.

"द्या," तो म्हणाला.

काय, ते मला विचारावं लागलं नाही. पट्ट्याला हात गेला तेव्हा जाणवलं की माझी कंबर भिजून गार पडली होती. मी टोपी काढली. निळी, विटलेली, कडेला जाळ्याच्या दोऱ्याचे टाके. संजयने ती दोन्ही हातांनी घेतली.

प्रवासात ओली कशी नेणार, म्हणून मी ती स्टोअरमध्ये एसीसमोर टांगली. त्या एसीसमोर मी ओले ओव्हरऑल तासाभरात सुकवलेत. सोमवारी सकाळीही तिच्या कडेवरून थेंब पडत होते. खाली ठेवलेल्या डब्यात जमलेलं पाणी मी जिभेला लावून बघितलं. खारट होतं.

विमानतळाची बस आली तेव्हा मी संजयला एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. "हिच्यात घाल. सामान भिजेल."

"नको, राजनभाऊ. भिजू दे."

तो खिडकीशी बसला आणि टोपी मांडीवर ठेवली. नवी पँट होती, गावी जायची म्हणून शारजाहून मागवलेली. बस हलली तेव्हा मांडीवरचा ओला डाग पसरत चालला होता, आणि त्याने दोन्ही सुजलेले तळवे टोपीवर हलकेच झाकून धरले होते.