गोठ्यातला गोंगाट

मित्रांनो, आमच्या टीमने रंगनाथकाकांचा आवाज पुसून टाकला, तोही ते गात असताना. असं याआधी कुठे झालेलं नाही. मी केडगावातला एक जुना माईक आहे आणि रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करतो.

जन्म आठवत नाही. उमेदीची वर्षं लग्नाच्या मांडवांत गेली. 'पांढरी गाडी आडवी लावणाऱ्याने ती काढून घ्यावी' हे मी इतक्यांदा बोललो, की शेवटी शेवटी मला नुसतं सुरू केलं तरी गाड्या हलायच्या. मग मांडववाल्याने नवा माईक घेतला आणि मी पशुखाद्याच्या दुकानावरच्या एका खोलीत आलो.

तिथे तिघं जण गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बनवत होते. गाणाऱ्याचा आवाज माझ्यातून आत जाणार, भोवतालचा गोंगाट गाळला जाणार आणि स्वच्छ गाणं त्याच क्षणी त्याच्या हेडफोनमध्ये येणार. गाळायचं काम ज्ञानेश्वरीचं, उशीर होऊ न देण्याचं गोरक्षचं. त्यामुळे दोघांचं रोज वाजायचं.

"तू झाडत बसतीस, तवर गाणारा पुढच्या कडव्यात जातो," गोरक्ष म्हणायचा.

"मग कचऱ्यासकट देऊ का?"

तिसरा आदिनाथ. तो स्क्रीनवरची बटणं करायचा आणि भांडण वाढलं की चहा आणायचा. टीम टिकली ती बहुधा चहावर. पण एक दिवस आवाज खरोखर वेळेत यायला लागला.

आता सॉफ्टवेअरला गोंगाट ओळखायला शिकवायचं होतं. ठरलं असं, की प्रत्येकाने मला घरी न्यायचं आणि आपल्याला सगळ्यात जास्त छळणारा आवाज भरून आणायचा. ज्ञानेश्वरीने शेजारचा मिक्सर आणला. गोरक्षने पिठाची गिरणी आणली. आदिनाथने मला पहाटे गोठ्याच्या खिडकीत ठेवलं आणि स्वतः कानावर गोधडी ओढून झोपला. कसला आवाज, असं विचारल्यावर 'गोठा' एवढंच म्हणाला. कुणी ऐकून पाहिलं नाही. टीममध्ये एकमेकांवर विश्वास होता.

गोठ्यात आदिनाथचे वडील, रंगनाथकाका, धार काढताना गौळण म्हणत होते.

पुढे ज्ञानेश्वरीने ठरवलं, पहिलं गाणं काकांचंच घ्यायचं. आदिनाथ यावर काही बोलला नाही. तो विसरला होता की लाजला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. पोरानं आपल्या गळ्यासाठी मशीन बनवलंय, असं ते डेअरीवर सगळ्यांना सांगून आले होते.

काकांनी हेडफोन लावला आणि गौळण धरली. हेडफोनमधून पंखा गेला. रस्त्यावरचे ट्रक गेले. काकाही गेले. त्यांना वाटलं आपलाच आवाज बसला, म्हणून त्यांनी वरची पट्टी लावली. सॉफ्टवेअरने तीही पुसली, क्षणाचाही उशीर न करता. गोरक्षच्या कामात खरंच खोट नव्हती.

आधी संशय माझ्यावर आला. गोरक्षने मला टिचक्या मारून हॅलो म्हटलं. त्याचं हॅलो नीट गेलं. मग ज्ञानेश्वरीने भरून आणलेले आवाज एकेक करून मोठ्याने लावले. मिक्सर. गिरणी. मग बादलीत पडणारी दुधाची धार, आणि तिच्यावर काकांची गौळण, अगदी स्वच्छ. माझं तोंड नेमकं काकांकडे होतं. माईकला मान खाली घालता येत नाही.

काकांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली.

"मशीन चांगलं हाय," ते म्हणाले. "घरचं बरुबर वळखतं."

"आप्पा, ते मी झोपेत..." आदिनाथचं वाक्य तिथेच संपलं.

मग गोरक्ष म्हणाला चूक माझी, मी आधी ऐकायला हवं होतं. ज्ञानेश्वरी म्हणाली, माझी. चूक वाटून घेताना ते तिघं पहिल्यांदाच एका तालात होते. तोवर काका जिना उतरून गेले होते.

सॉफ्टवेअरमधला गोठ्याचा आवाज त्याच दिवशी काढून टाकला. आता काका गायले तर त्यांचा आवाज अगदी सुरेख येईल. पण काका मुक्यानेच धार काढतात. गाय पान्हा सोडत नाही. तिचा सॉफ्टवेअरशी काही संबंध नसताना. आदिनाथ रोज पहाटे मला तिथे नेऊन ठेवतो आणि शेजारी जागा बसतो. आम्हाला दोघांना बादली ऐकू येते. शेपटी ऐकू येते.

मित्रांनो, माईकवर धूळ बसू देऊ नका. आणि तो कुणासमोर ठेवताय, ते त्या माणसाला सांगत जा.

आणि शेवटी माझा एक अर्ज. सबब, संबंधित कार्यालयास नम्र विनंती, की मौजे केडगाव येथील सदर गोठ्यातून पहाटे होणारा गोंगाट पूर्ववत व विनाखंड सुरू करण्याचे आदेश व्हावेत. अर्जदार ऐकण्यास समक्ष हजर राहील.