काठी पडली नाही

देवासच्या जगदेवरावांनी सुनेशी अकरा वर्षांत एक अक्षर थेट बोललेलं नव्हतं. भांडण मुळीच नव्हतं. जुन्या दरबारी घराण्याची रीतच तशी. सासऱ्यानं सुनेला काही सांगायचं ते मधल्या माणसामार्फत. मधलं माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी जानकीबाई. त्या गेल्या. मुलगा वीरेंद्र सरदारपूरच्या बँकेत, घरी फक्त रविवारी. तेव्हापासून जगदेवराव चहा फ्रिजकडे मागत आणि सून प्रियांका तो आणून देई.

मग ते अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. इंदूर मेट्रोतली चालकाची ड्यूटी सांभाळून प्रियांकानं चार महिने त्यांना पुन्हा चालायला शिकवलं. तीही रीत मोडणारी नव्हती. ती काठीला सांगे, "काठीबाई, आज तुळशीपर्यंत जायचंय हं."

"सांग त्यांना, मी काय दसऱ्याचा हत्ती आहे मिरवायला?" जगदेवराव काठीवरच डाफरत, आणि तुळशीपर्यंत जात.

आता ते चालत होते. आभार मानायचे तेवढे राहिले होते, आणि ते काही फ्रिजला सांगून भागण्यासारखे नव्हते.

त्या रविवारी वीरेंद्र त्यांना इंदूरला मेट्रोत बसवायला घेऊन आला. ती मेट्रो प्रियांका चालवत होती. जगदेवरावांची सगळी नोकरी कारखान्यात पोलाद तपासण्यात गेलेली. पोलादी चाकं पोलादी रुळांवर म्हणजे खडखडाट आणि धक्के आलेच, हे त्यांनी बसमध्ये दोनदा ऐकवलं होतं. म्हणून परीक्षेसाठी त्यांनी काठी सीटच्या कडेला नुसती टेकवली आणि हात मांडीवर घेतले.

स्टेशन आलं. गाडी थांबली. काठी पडली नाही. दुसरं आलं. काठी उभीच.

"ब्रेक कोण लावतंय रे?"

"प्रियांकाच, आबासाहेब."

 जगदेवराव शेजारच्या दाराजवळची पाटी वाचू लागले. 'आपातकाल में चालक से बात करें.' अशी लेखी परवानगी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी पाटीखालचं बटण दाबलं.

"जी, बोलिए, क्या दिक्कत है?" स्पीकरच्या जाळीतून प्रियांकाचा आवाज आला.

"सूनबाई," जगदेवराव म्हणाले, आणि वीरेंद्रच्या हातातून मोबाइल सुटला. "मी बोलतोय. चालतोय मी. तुमच्यामुळे चालतोय. फार उपकार झाले तुमचे."

 मग जरा भिजलेला आवाज आला, "मामंजी, ते बटण आणीबाणीचं आहे."

"वाचूनच दाबलंय."

"बरं... काठीबाईंना सांगा, घरी आल्यावर बोलू."

"तिला कशाला मध्ये घेता? मलाच सांगा की."

पुढच्या स्टेशनात गार्ड अंकित धावतच डब्यात शिरला. "बाबूजी, बटन आपने दबाया? किसकी तबीयत बिगड़ी?"

"बिगड़ी नहीं, भिया," काठी काखेत मारून उठत जगदेवराव म्हणाले, "सुधर गई. वही बता रहा था."