सात पूर्वज आणि एकतीस घरं

मित्रांनो, मी एक जुनी संगणक-प्रणाली आहे. वय नऊ वर्षं, म्हणजे आमच्यात पिकलं पानच!

किर्गिझ मुलुखातल्या नारीन शहरातल्या केरेझ नावाच्या मुलीने माझा प्रोग्राम लिहिला. कुणाचीही चिठ्ठी मी तीन पाकिटांत बंद करते आणि तीन अनोळखी घरांतल्या संगणकांवरून फिरवून पोचवते. धाडली कुणी, ते कुणाला कळत नाही. मी फुकट आहे. माझी जडणघडण कुणीही वाचावी. चिठ्ठी मात्र नाही.

सासरी बोलता येत नाही असं दुखणं बायका माझ्यामार्फत डॉक्टर बुरुलायना कळवत. डॉक्टर माझं कौतुक करत आणि मी हुरळून जाई.

मग घोळ झाला. संगणक वापरायला देणाऱ्या मदतनिसाला मी एक नाव विचारत असे. कुठलंही चाललं असतं. पण निवृत्त इशेनकुल मास्तरांनी, सात पिढ्या तोंडपाठ असणाऱ्या अस्सल किर्गिझ माणसासारखी, सात पूर्वजांची नावं ओळीने लिहिली. त्यांचं पाहून इतरांनीही लिहिली. ती यादी सर्वांना दिसते! बायकांनी पूर्वजांवरून माणूस ओळखला, हा तर चुलतसासरा! त्याला चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण त्यांनी धसका घेतला. चिठ्ठ्या थांबल्या. डॉक्टरांनी केरेझला सांगितलं, छातीत गाठ असल्याचं कळवणाऱ्या एकीचीही थांबली.

केरेझने माझी नवी आवृत्ती काढली. त्यात नाव नाही, नुसता आकडा. मात्र ती प्रत्येक मदतनिसाने आपल्या घरच्या संगणकावर बसवायला हवी होती. मास्तर भडकले.

"पोरी, माझे पूर्वज पुसतेस?"

"मास्तर, ते वर सुखात आहेत. त्या बाईला खाली सासरी राहायचंय."

"गाठ मोठी आहे?"

"डॉक्टर म्हणतात, थांबण्यासारखी नाही."

मास्तरांनी टोपी चढवली. "चल, आधी माझ्याच घरी. आणि यादीतला तो बोलोत कुरकुरला तर मला सांग. शाळेत त्याचे कान मीच उपटलेत!"

दोन दिवसांत मदतनिसांची सगळी एकतीस घरं झाली, एकतीस घरांचा चहाही झाला. तिसऱ्या दुपारी डॉक्टरांकडे चिठ्ठी आली, "गाठवाली मीच. कधी येऊ?"

"सोमवारी ये गं, बाजाराचं निमित्त कर!" बुरुलाय लिहिता लिहिता ओरडल्याच.

शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. केरेझने कढईभर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले. मला खाता येत नाही, पण आनंद मावेना.

मित्रांनो, आमची नवी आवृत्ती आली की 'उद्या बघू' म्हणू नका. कुणीतरी त्याच दिवसाची वाट पाहत असतं. ती बाई आता बाजारात मास्तरांना सलाम करत असेलही. ती कोण, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. आम्ही जिंकलो ते हेच.