मशेरीला कोण व्यसन म्हणतं?

भाग्यलक्ष्मीने सहीसाठी आणलेला शाळेचा कागद मी उभ्या उभ्या वाचला आणि माझं डोकंच फिरलं. नववीतली पोर, माझ्या पोटची, आणि लिहिते काय? ‘सुटत नसलेली सवय: मशेरी. कुणाकडून लागली: आईकडून.’ पुढचं वाचलंच नाही. कागद मुठीत चुरगाळला, चप्पल घातली आणि तडक शाळा गाठली.

अहो, आमच्या घरात पिणारा नवरा आहे. कृष्णनाथ डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवतो आणि घरी येताना कुठे थांबतो ते अख्ख्या इब्रामपुराला ठाऊक. त्याचं नाव नाही, माझं आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी.

मशेरी म्हणजे काय दारू? दात घासायची वस्तू ती. माझ्या आईने घासली, सासूने घासली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून तंबाखू आणायचा, तव्यावर काळा होईतो भाजायचा, चुरडून डब्यात भरायचा. भाजायचं काम चार वर्षं भाग्यलक्ष्मीकडेच. पोरीचा हात चांगला, राख होऊ देत नाही. पाचवीत तिची दाढ दुखत होती तेव्हा मीच चिमूटभर हिरडीला चोळली होती. लगेच झोपली बिचारी.

सुमंगला टीचर व्हरांड्यातच भेटल्या. म्हटलं, “टीचर, पोरींना आईच्या चहाड्या करायला शिकवता का हो तुम्ही?”

“बसा आधी,” त्या म्हणाल्या. “ती दिवसातून किती वेळा मशेरी लावते?”

“सकाळी एकदा. दात घासायला.”

“पाच वेळा. मधल्या सुट्टीत संडासात लपून लावायची. महिनाभर सोडायला धडपडतेय. तलफ आली की दहा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, मैदानाला फेरी मारायची, असं ठरवलंय आम्ही. तलफ दुधासारखी असते. वर येते, जाळ काढला की खाली बसते. शाळेत तिला जमतं.”

“मग घरी काय धाड भरते?”

“घरी तुम्ही तिला तव्यापाशी बसवता.”

परवाच ती म्हणाली होती, “आये, आज तूच भाज गो.” तिसऱ्यांदा म्हणाली होती. मी म्हटलं होतं, आळशी मेली, कामाला नको आणि जेवायला आधी.

“कागद पुरा वाचलात?” टीचरनी विचारलं.

मूठ उघडली. खाली आणखी एक ओळ होती. ‘सोडायला घरी मदत कोण करील: आई.’

लाज वाटली मला. टीचरचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझाच आला. तिथेच पेन मागून सही केली. घरी येऊन डबा परसात खड्डा खणून रिकामा केला आणि तवा घासून आंबोळ्यांना घेतला.

आज तिसरा दिवस. डोकं ठणकतंय, हात सारखा फळीवर जातो, जिथे डबा असायचा तिथे. सकाळपासून नवऱ्यावर खेकसले, पाववाल्यावर खेकसले. भाग्यलक्ष्मी दप्तर पाठीला लावून, घड्याळ घेऊन माझ्यासमोर बसली आहे.

“आये, सहा मिनिटां झाली. आणखी चार.”

“तू गप,” म्हटलं. पण उठले नाही.