पेस्टचा दिवस

गोटीरामने झिपरूच्या पाठीत ठिबकच्या नळीचा तिसरा फटका घातला तेव्हा झिपरू गुडघ्यांवर आला. चौथ्याला तो आडवाच झाला. टोळीतले बाकीचे लोक वेलींच्या ओळींत उभे राहून बघत होते आणि कोणी मध्ये पडत नव्हते, कारण हा मार चुकीचा आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

"मरायचंय का तुला?" गोटीराम धापा टाकत म्हणाला. "गेल्या साली गडी मेला, तू खांदा दिला त्याला. इसरला?"

झिपरूच्या कमरेला खोचलेली मोहाच्या दारूची प्लास्टिकची बाटली गोटीरामने उपसली आणि टोळीच्या राहायच्या पालांच्या बाजूला गवतात भिरकावली. मग नळी खांद्यावर टाकून तो कामाला लागा म्हणाला, आणि झिपरूसुद्धा बरगडी धरून उठला.

छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरचे सगळे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून त्यांना लाल रंग मिसळलेले एक जहाल औषध लावतात. त्याला सगळे पेस्ट म्हणतात. हाताला फडके गुंडाळायचे, बादलीत बुडवायचे आणि एकेक डोळा पुसत जायचे. ती पेस्ट अंगात भिनलेली असताना दारूचा घोट पोटात गेला तर चेहरा लालबुंद होतो, छाती फुटेल इतकी धडधडते आणि श्वास अडकतो. म्हणून पेस्टच्या दिवशी दारू बंद. हा नियम गोटीरामने अठरा वर्षे नळीनेच शिकवला होता आणि तो फक्त गड्यांना शिकवला होता.

गोटीराम मुकादम होता. सुरगाण्याकडच्या आपल्याच पाड्यांवरची माणसे दसरा झाला की जीपमध्ये कोंबून तो नाशिकजवळच्या बागांवर आणायचा. डोंगरात पाऊस इतका पडतो की घराच्या भिंतीला बुरशी धरते, पण ते पाणी वाहून खाली येते ते या बागांसाठी. वर राहते भाताचे आणि नागलीचे एक पीक, तेही होळीपर्यंत पुरले तर नशीब. गोटीराम स्वतः अकराव्या वर्षी असाच खाली आला होता. तेव्हाच्या मुकादमाने पहिल्याच आठवड्यात त्याचा पुढचा दात पाडला. हात चालला तरच काम चालते, हे तो तिथे शिकला, आणि खोटे कशाला बोला, त्याला ते पटलेही होते.

बागेचे मालक महेशशेठ सकाळी बांधावर आले होते. हवामान खात्याने उद्या पाऊस सांगितलाय, चार एकर आजच्या आज झाले पाहिजे, म्हणाले. दोन गडी तापाने पालात पडलेले होते. तरी गोटीराम होईल म्हणाला, कारण त्याने आजवर मालकाला नाही होणार असे कधी म्हटलेच नव्हते. मग त्याची नजर टोळीतल्या सोमाच्या पल्लवीवर गेली. नऊ वर्षांची पोर, पालाजवळ चुलीला काटक्या घालत बसलेली. पाड्यावरच्या शाळेतून तिचे नाव दोन वर्षांपूर्वी गैरहजेरीमुळे कमी झाले होते आणि बागेच्या हजेरीत ते कधी लागलेच नव्हते. गोटीरामने तिला बोलावले, मोठ्या माणसाचे हातमोजे दिले आणि खालच्या काड्या तुझ्या म्हणून सांगितले. सोमाने ते पाहिले. त्याने मान खाली घातली आणि काडीवरचा पुढचा डोळा पुसला.

हातमोजे सारखे निसटायचे. थोड्या वेळाने पोरीने ते काढून बांधावर ठेवले आणि ती उघड्या हाताने फडके बादलीत बुडवायला लागली. तिचे काम भराभर होत होते. गोटीरामने तिला शाबासकी दिली.

दोन वाजता चार एकर संपले. तीनच्या सुमारास पल्लवी पालात येऊन आपली आई फुलाबाई हिला म्हणाली की थंडी वाजतेय आणि डोके ठणकतेय. फुलाबाईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. डोंगरात पोराला थंडी भरली की दोन झाकणे मोहाची पाजतात आणि थोडी छातीला चोळतात. त्याला कोणी दारू म्हणत नाही. ते औषधच असते, फुलाबाईच्या आईने तिला तेच दिले होते. नियम काय तो गड्यांच्या पिण्याचा. गवतात पडलेली झिपरूची बाटली तिने सकाळीच पाहिली होती. ती तिने उचलून आणली.

फुलाबाईची किंकाळी ऐकून गोटीराम धावला तेव्हा पोरगी जमिनीवर पाय झाडत होती. चेहरा आणि मान लालभडक, डोळे वर, तोंडातून पिवळी ओकारी. फुलाबाईच्या हातात बाटली पाहताच गोटीरामने तिच्या मुस्काटात अशी मारली की ती चुलीच्या दगडावर आदळली. मागून आलेल्या सोमाने तिला लाथ घातली. फुलाबाई रडतसुद्धा नव्हती. थंडीचे दिले, थंडीचे दिले, एवढेच म्हणत होती. तिला हा नियम कोणी कधी सांगितलाच नव्हता हे गोटीरामच्या ध्यानात आले, पण तोपर्यंत तिच्या भुवईतून रक्त गळायला लागले होते.

महेशशेठनी पिकअप लगेच काढून दिली, हे कबूल केले पाहिजे. सोमा पोरीला घेऊन मागे बसला, फुलाबाई पालातच राहिली. पण दार लावता लावता त्यांनी गोटीरामचा दंड घट्ट धरला आणि हळू आवाजात सांगितले की दवाखान्यात सुकट खाऊन बाधली म्हणायचे, पेस्टचा शब्द काढायचा नाही. त्यांचा माल परदेशात जातो. तिकडचे लोक द्राक्षाच्या मण्यावर औषधाचा कणभर अंश राहिला तरी कंटेनर परत पाठवतात आणि बागेत लेकरू राबले असे कळले तर पुढच्या साली दारात उभे करत नाहीत. मण्यांची इतकी तपासणी होते. मणी ज्या हातांनी वाढवले ते हात कोणी उलटून पाहत नाही.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. काय झाले, त्यांनी विचारले. सोमा म्हणाला, सुकट खाल्ली. कधी खाल्ली, किती खाल्ली, अजून कोणाला त्रास झाला का? सुकटच, सोमा परत म्हणाला. पोरीच्या नाडीवर बोट ठेवून डॉक्टरबाई सिस्टरला काहीतरी भराभर सांगत होत्या. पोरीची छाती कोंबडीच्या पिलासारखी उडत होती. त्यांनी परत विचारले, आणि या वेळी त्यांचा आवाज चढला. "हे जेवणाचं वाटत नाही. खरं सांगितलं नाहीत तर मी चुकीचा उपचार करीन. मग ती जाईल."

गोटीराम दारात उभा होता. पल्लवीचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि त्याच्या नखांमध्ये पेस्टचा लाल रंग बसला होता. इतका बारका हात. सकाळी मोजे देताना त्याला तो बारका वाटला नव्हता.

"पेस्ट लावली तिनं," तो म्हणाला. "उघड्या हातानं. अन् वरून मोहाची पाजली."

"कोणी लावायला दिली?"

"मीच. मी मुकादम हाय."

"वय काय हिचं?"

"नऊ."

सोमाने चमकून त्याच्याकडे पाहिले. डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी पोरीचे कपडे उतरवून अंग पाण्याने धुवायला सांगितले, सलाइन लावले, नाकाला ऑक्सिजन लावला, कुठेतरी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. दवाखान्यातल्या चौकीचा पोलीस आला, गोटीरामचे नाव आणि बागेचा पत्ता लिहून घेऊन गेला. दीड तासाने डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की श्वास आता नीट आहे, पोरगी वाचेल. वेळेवर सांगितलेत, म्हणाल्या.

गोटीराम अंगणात आला आणि निंबाखालच्या पारावर बसला. त्याला अठरा वर्षांत कोणी बरे बोलले नव्हते, त्यामुळे त्या एका वाक्याचे काय करावे हे त्याला कळेना. तेवढ्यात फोन वाजला. महेशशेठ होते. बागेवर पोलीस येऊन गेले होते. शेठनी शिव्या दिल्या, मग शिव्या संपल्यावर थंडपणे सांगितले की तुझी माणसं पालं उचलतायत, आणि या पट्ट्यातल्या कुठल्याही बागेत तुझी टोळी आता कोणी उभी करणार नाही. गोटीराम हूं म्हणाला. फोन बंद करून त्याने मान वर केली तर समोर सोमा उभा होता. शेठचा आवाज फोनबाहेर येत होता, त्याने सगळे ऐकले होते.

सोमा म्हणजे टोळीतला सगळ्यात मऊ माणूस. आठ वर्षांत त्याने मुकादमाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. मार खाल्ला की दादा म्हणायचा आणि कामाला लागायचा. त्या सोमाने पुढे येऊन गोटीरामच्या थोबाडीत मारली. अंगातले सगळे बळ काढून मारली, इतके की त्याचा स्वतःचाच तोल गेला आणि पायातली चप्पल निसटून दूर पडली. मग दुसरी मारली.

गोटीरामचा हात सवयीने वर गेला. त्याच्या मनात आले असते तर सोमाला त्याने तिथेच तुडवले असते. रिक्षावाले, चहावाला, पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक, सगळे बघत होते. पण त्याने हात खाली घेतला.

"एक वाचवली तुम्ही," सोमा म्हणाला. "घरी म्हातारीजवळ अजून दोन लेकरं हायेत. ती काय खातील? सांगा ना दादा. आता ती काय खातील?"

हा प्रश्न गोटीरामला आजवर कोणी विचारला नव्हता आणि त्यानेही कोणाला विचारला नव्हता. अकराव्या वर्षी त्याच्या बापानेही तो प्रश्न कोणालाच न विचारता त्याला जीपमध्ये चढवले होते. ओठातून आलेले रक्त त्याने बाहीला पुसले.

सोमा आता आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा होता. आतून सिस्टरने पल्लवीच्या माणसांना बोलावले. सोमा तसाच निघाला, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा.

गोटीराम पारावरून उठला. दूर पडलेली चप्पल त्याने उचलली, धूळ झटकली, आणि सोमाच्या पुढे जाऊन, वाकून, ती त्याच्या उघड्या पायाजवळ सरळ करून ठेवली.