एकशे चाळीस वेढे

"ओ ताई, मालक कुठंयत?"

झालं! सुषमाची मोजणी चुकली. मोटारीच्या कॉइलला एकशे चाळीस वेढे द्यायचे होते; आता ब्याण्णव झाले की चौऱ्याण्णव? सोडा तार, धरा पुन्हा एकपासून. यवतला हायवेच्या कडेला दुकानात बावीस वर्षं ती पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरत होती, आणि बावीस वर्षं कुणी ना कुणी असंच मध्ये तोंड घालत होतं.

"मीच हाय. बोला."

बापूसाहेब तळेगाव ढमढेऱ्याहून आले होते. दारात त्यांची नवीकोरी कॅरावॅन उभी: आत पलंग, ओटा, वर दीड टनाचा एसी. कोकणात निघाले होते. म्हातारी आई आत पदरानं वारा घेत बसलेली. एसीला जनरेटर हवा होता. दुकानात विकायला दोन होते. एक बारका, बॅगेसारखा, आवाज न करणारा, दुसरा थोराड.

"हा बारका द्या."

"ह्यावर न्हाई चालायचा तुमचा एसी. सुरू व्हताना तिप्पट करंट वढतो त्यो. मोठा घ्या."

बापूसाहेब असे हसले, जणू शेळीनं सल्ला दिला. मग ते बाहेर बाकावर चहा पिणाऱ्या ज्योतिबाकडे, सुषमाच्या नवऱ्याकडे वळले. पाटीवर नाव त्याचं. मोटार त्यानं जन्मात एक भरली नव्हती.

"मिस्त्री, तुम्ही सांगा."

"तुम्ही म्हणाल तसं, बापूसाहेब."

सुषमाचं डोकं सणकलं. तिनं बारका जनरेटर उचलून गाडीपाशी आदळला, सुरू केला, वायर जोडली. "लावा एसी!"

एसी घरघरला, जनरेटरचा लाल दिवा पेटला, सगळं गप्प.

"बाप्या," आतून म्हातारी ओरडली, "बाई सांगती त्ये ऐक की!"

थोराड जनरेटर सुषमानं दोरीच्या एकाच ओढीत सुरू केला. गाडीत गार वारा भरला. बापूसाहेब खूश!

"वा, मिस्त्री! बाईला पण तयार केलंय की तुम्ही." आणि गॅरंटी कार्ड, मेकॅनिकच्या सहीसाठी, त्यांनी ज्योतिबापुढे धरलं. त्यानं खुशाल पेन काढलं.

बस्स. सुषमानं जनरेटर बंद केला. पेट्रोलचा कॉकही फिरवून बंद करून टाकला.

"सही ज्याची, मशीन त्यानंच चालू करून दावायचं. करा."

ती आत जाऊन पुन्हा कॉइलशी बसली. एक, दोन, तीन...

बाहेर ज्योतिबा दोरी ओढत राहिला. पाचदा. बारादा. शर्ट पाठीला चिकटला. "अगं, काय झालंय ह्याला?"

"मिस्त्रीला इचारा!" आणि बोटं न थांबवता, "एकेचाळीस, बेचाळीस..."

दोरीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं टेबलावर सावली पडली. बापूसाहेबांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या.

"ताई, सही पायजे व्हती. तुमची."

सुषमानं मान वर केली नाही. नुसतं एक बोट वर केलं, वॉर्निशनं काळं पडलेलं. थांबा.

कार्ड दोन्ही हातांत धरून बापूसाहेब उभे राहिले.

"अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. नव्वद."